विश्लेषण : संरक्षण खात्याचे पैसे 'मार्च एंड'ला परत का जातात?

२८ मार्च २०२५. आर्थिक वर्ष संपायला तीन दिवस उरले होते. त्या दिवशी संरक्षण मंत्रालयाने हिंदुस्थान एअरोनॉटिक्स म्हणजेच एचएएलसोबत १५६ 'प्रचंड' हेलिकॉप्टर्ससाठी दोन करार केले. किंमत, कर वगळून, ६२,७०० कोटी रुपये.

२०२४-२५ या संपूर्ण वर्षात मंत्रालयाने १९३ करार केले आणि त्यांची एकूण किंमत २,०९,०५० कोटी रुपये होती. हा विक्रम असल्याचं सरकारने सांगितलं आणि ते खरंही होतं. पण याचाच दुसरा अर्थ असा, की वर्षभरातल्या करारांच्या साधारण ३० टक्के रकमेवर एकाच दिवशी सह्या झाल्या. तोही 'मार्च एंड'च्या तोंडावर.

आता त्याच वर्षाचा आणखी एक आकडा बघा. नव्या शस्त्रास्त्रांसाठी, जहाजांसाठी, विमानांसाठी वर्षाच्या सुरुवातीला १.७२ लाख कोटी रुपयांची तरतूद होती. सुधारित अंदाजात ती १,५९,५०० कोटींवर आली. म्हणजे सुमारे १२,५०० कोटी रुपये खर्चच होणार नाहीत, हे सरकारने वर्ष संपायच्या आधीच मान्य केलं.

एकाच वर्षात विक्रमी करार आणि तरीही पैसे शिल्लक. हे कसं काय?

करार झाला म्हणजे पैसे गेले असं नाही

समजा तुम्ही बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत फ्लॅट बुक केला. करार ७० लाखांचा, पण बिल्डरला सगळे पैसे एकदम मिळत नाहीत. बुकिंगची रक्कम, मग पायाचं काम झालं की एक हप्ता, स्लॅब पडला की दुसरा. संरक्षण खरेदीचंही साधारण असंच असतं. सही झाल्यावर आगाऊ रक्कम जाते. पुढचे पैसे काम जसं पुढे सरकेल तसे, आणि शेवटचा भाग माल हातात आल्यावर.

त्यामुळे कोणत्याही वर्षाच्या बजेटमधला मोठा वाटा आधीच्या वर्षांत सह्या झालेल्या करारांच्या हप्त्यांवर जातो. याला 'बांधील देणी' म्हणतात. उरलेल्या पैशांतून नवी खरेदी. बजेट कमी पडलं की पहिला फटका या नव्या खरेदीला बसतो, कारण जुने हप्ते थांबवता येत नाहीत.

आणि पुरवठादाराने काम वेळेत केलं नाही तर? मग हप्ता देण्याची वेळच येत नाही. ते पैसे त्या वर्षात पडून राहतात.

तेजस मार्क १ए हे याचं ताजं उदाहरण. ८३ विमानांचा सुमारे ४८,००० कोटींचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला. विमानं २०२४ पासून मिळायची होती. अमेरिकेच्या जीई कंपनीकडून इंजिनं उशिरा आली आणि वेळापत्रक कोलमडलं. अशा वेळी सरकारकडे पैसे असतात, वायुदलाला विमानं हवी असतात, पण देयक द्यायला कारणच नसतं.

पैसे 'परत जातात' म्हणजे नेमके कुठे जातात?

खरं तर ते कुठून निघालेलेच नसतात. केंद्र सरकारचा सगळा पैसा भारताच्या एकत्रित निधीत असतो. त्यातून एक रुपया काढायचा तरी संसदेची परवानगी लागते आणि ही परवानगी एका आर्थिक वर्षापुरतीच असते. ३१ मार्चला रात्री बारा वाजता ती संपते. १ एप्रिलला पाटी कोरी.

ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत ज्यांनी 'मार्च एंड' जवळून पाहिलाय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. पैसे परत जाऊ नयेत म्हणून मार्चमध्ये रस्ते उकरले जातात. फरक इतकाच, की रस्त्याचं काम दोन आठवड्यांत उरकता येतं. पाणबुडीचं येत नाही.

शेवटच्या महिन्यांतली ही घाई सरकारी नियमांनाही मान्य नाही. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत तिला आर्थिक शिस्तीचा भंग म्हटलंय. म्हणजे खर्च केला नाही तर पैसे जाणार, आणि शेवटी घाईघाईने केला तर शिस्तभंग.

यातली एक अडचण २०१७ मध्ये सुटली. त्याआधी अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी यायचा आणि पूर्ण मंजुरीला मे महिना उजाडायचा. तोवर खाती लेखानुदानावर चालायची, नव्या कामांना हात लावता येत नसे. २०१७ पासून अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो आणि निवडणुकीचं वर्ष सोडलं तर ३१ मार्चपूर्वीच मंजूर होतो. पहिल्या दिवसापासून पैसे हातात. बदल छोटा वाटतो, पण वर्षातले दोन महिने वाचले.

१०० रुपयांतले २६

२०२५-२६ साठी संरक्षण मंत्रालयाला ६,८१,२१० कोटी रुपये मिळाले. कोणत्याही मंत्रालयापेक्षा जास्त. टीव्हीवर याच आकड्याची पट्टी फिरते. पण यातल्या प्रत्येक १०० रुपयांची वाटणी पाहिली तर चित्र वेगळं दिसतं. जवळपास ४६ रुपये पगार, इंधन, दारूगोळा, सुटे भाग अशा रोजच्या खर्चाला. साडेतेवीस रुपये निवृत्तिवेतनाला. चार रुपये सीमा रस्ते, तटरक्षक दल आणि इतर नागरी यंत्रणांना. आणि भांडवली खर्चाला, म्हणजे नवी विमानं, तोफा, जहाजं, बांधकामं यांना, २६ रुपये ४३ पैसे.

पगार थांबवता येत नाही, निवृत्तिवेतन तर नाहीच नाही. म्हणून वर्षाच्या मध्यात कुठे काटकसर करायची झाली की कात्री या २६ रुपयांवर चालते. शिल्लकही इथेच राहते.

हे आकडे फक्त हिशेबाच्या वहीत राहत नाहीत.

सियाचीनचे गॉगल

भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक म्हणजे कॅग. सियाचीन, लडाखसारख्या उंचीवरच्या जवानांच्या साहित्याबद्दल कॅगचा एक अहवाल २०२० च्या सुरुवातीला लोकसभेत मांडला गेला. तपासणी २०१५-१६ ते २०१७-१८ या काळाची होती. बर्फावर सूर्यप्रकाश परावर्तित होऊन डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून जे खास गॉगल लागतात, त्यांचा तुटवडा ६२ ते ९८ टक्के होता. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ दरम्यान बहुउपयोगी बूट मिळालेच नाहीत. जुने बूट दुरुस्त करून पुन्हा वापरावे लागले.

यावर कॅगला मिळालेल्या उत्तरात दोन कारणं होती : निधीची मर्यादा आणि वाढलेली गरज. नंतर परिस्थिती सुधारल्याचं लष्कराने सांगितलं.

गॉगल ही काही राफेलसारखी अब्जावधींची खरेदी नाही. तरीही निविदा, नमुना तपासणी, मंजुरी, पुन्हा निविदा या चक्रात खरेदीला वर्षं लागली. आणि उणे तापमानात उभ्या असलेल्या माणसासाठी एक हिवाळा म्हणजे एक हिवाळा. तो पुढच्या आर्थिक वर्षात ढकलता येत नाही.

दहा दिवसांचा दारूगोळा

याहून गंभीर प्रकरण दारूगोळ्याचं. तीव्र युद्ध झालं तर ४० दिवस पुरेल इतका साठा लष्कराकडे असावा, असा तेव्हाचा नियम होता. २०१५ च्या अहवालात कॅगने दाखवलं, की १७० प्रकारच्या दारूगोळ्यापैकी जेमतेम १० टक्के प्रकारांत हा निकष पूर्ण होत होता आणि निम्म्या प्रकारांचा साठा १० दिवसांचाही नव्हता. दोन वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. सप्टेंबर २०१६ मध्येही १५२ पैकी ६१ प्रकार १० दिवसांच्या खालीच होते.

सप्टेंबर २०१६ म्हणजे कधी, हे लक्षात घ्या. उरीचा हल्ला आणि सर्जिकल स्ट्राइकचा तोच महिना. त्यानंतर सरकारने उपलष्करप्रमुखांना थेट खरेदीचे आर्थिक अधिकार दिले आणि साठा वाढू लागला.

इथे फक्त पैशांना दोष देऊन चालणार नाही. ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांकडून पुरवठा कमी पडत होता, हेही कॅगनेच नोंदवलंय. पण फॅक्टरीचं गणितही समजून घ्यायला हवं. खडकी, भंडारा, वरणगाव, भद्रावतीजवळची चांदा फॅक्टरी, अशा महाराष्ट्रातल्या अनेक कारखान्यांत दारूगोळा आणि स्फोटकं बनतात. २०२१ पासून ते पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहेत. तोफगोळ्याचं उत्पादन नळासारखं सोडता-बंद करता येत नाही. यंत्रं, कच्चा माल, स्फोटकं हाताळणारे प्रशिक्षित कामगार, हे सगळं दरवर्षी ठरावीक काम मिळालं तरच टिकतं. एका वर्षी मोठी ऑर्डर आणि पुढची तीन वर्षं काहीच नाही, असं झालं तर कोणताही कारखानदार, सरकारी असो की खासगी, नवं यंत्र घेणार नाही. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर युरोपातल्या श्रीमंत देशांनाही हाच अनुभव आला. पैसे मंजूर झाले, पण गोळे बनवणारे कारखाने वाढवायला वर्षं गेली.

नाशिकने काय पाहिलं?

नाशिकजवळ ओझरला एचएएलचा कारखाना आहे. वायुदलाची सुखोई-३० विमानं इथेच जोडली जातात. जानेवारी २०१९ मध्ये बातमी आली, की एचएएलला कर्मचाऱ्यांचे पगार देण्यासाठी सुमारे १,००० कोटी रुपयांचं कर्ज काढावं लागलं. कंपनी तोट्यात नव्हती. तिचा सर्वांत मोठा ग्राहक असलेल्या वायुदलाकडून हजारो कोटींची बिलं येणं बाकी होतं. एक सरकारी खातं पैसे देत नाही म्हणून दुसरी सरकारी कंपनी बँकेकडे जाते आणि व्याज भरते. शेवटी हे व्याजही करदात्याच्याच खिशातून जाणार.

एचएएलसारख्या मोठ्या कंपनीला बँक उभं तरी करते. तिला सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योजकाचं बिल अडकलं तर त्याला पुढचा माल घेणंही अवघड होतं. 'मेक इन इंडिया'ची चर्चा करताना ही बाजू फारशी कुणी काढत नाही, आणि ती काढायला हवी.

सुखोईची मूळ ऑर्डर पूर्ण झाल्यावर ओझरला नव्या सुखोईंची ऑर्डर मिळायला डिसेंबर २०२४ उजाडला. १२ विमानं, सुमारे १३,५०० कोटी. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे तेजस मार्क १एची नवी उत्पादन साखळी सुरू झाली आणि पहिल्या विमानाने उड्डाणही केलं.

'या वर्षी पैसे नाहीत'

वेळेवर पैसे नसण्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण राफेलच्या आधीच्या कराराचं. १२६ लढाऊ विमानांसाठी निविदा २००७ मध्ये निघाली. चाचण्या, तुलना, बोली हे सगळं होऊन जानेवारी २०१२ मध्ये फ्रान्सच्या दासोची निवड झाली. फेब्रुवारी २०१४ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी जाहीरपणे सांगितलं, की या आर्थिक वर्षात पैसे उरलेले नाहीत, बजेटचा ९२ टक्के भाग खर्च झालाय, करार पुढच्या वर्षी बघू.

तो करार झालाच नाही. अर्थात, कारण फक्त पैशांचं नव्हतं. भारतात बनणाऱ्या विमानांची जबाबदारी कुणाची आणि खरी किंमत किती, यावरही वाटाघाटी अडल्या होत्या. शेवटी सप्टेंबर २०१६ मध्ये ३६ विमानांचा करार झाला, सुमारे ५९,००० कोटींचा. पहिली पाच विमानं जुलै २०२० मध्ये अंबाल्यात उतरली. निविदेपासून १३ वर्षांनी.

तोवर मिग-२१ उडत राहिले. शेवटचे मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाले. वायुदलाला ४२ स्क्वाड्रन मंजूर आहेत. मिग-२१ गेल्यावर हातात २९ उरल्या.

सरकार बदललं म्हणून प्रश्न संपला असंही नाही. मार्च २०१८ मध्ये तत्कालीन उपलष्करप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी संसदेच्या स्थायी समितीपुढे दिलेली साक्ष प्रसिद्ध झाली. लष्कराला आधुनिकीकरणासाठी २१,३३८ कोटी मिळाले होते आणि आधीच चालू असलेल्या कामांची देणीच २९,०३३ कोटी होती. म्हणजे नवं काही घेणं दूरच, जुने हप्तेही भागत नव्हते. लष्कराकडची ६८ टक्के सामग्री जुनाट श्रेणीतली आहे, हेही त्यांनीच सांगितलं.

संकट आलं की पैसे येतात, पण…

जून २०२० मध्ये गलवान घडलं. त्या वर्षीची भांडवली तरतूद १,१३,७३४ कोटींवरून सुधारित अंदाजात १,३४,५१० कोटींवर गेली. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर झालं आणि जूनमध्ये मंत्रालयाने जाहीर केलं, की लष्करासाठी तातडीच्या खरेदीचे १,९८१.९० कोटींचे १३ करार झालेत. ड्रोनविरोधी यंत्रणा, हलके रडार, रात्री दिसणाऱ्या दुर्बिणी वगैरे.

गरज पडली तर तिजोरी उघडते, हे यातून दिसतं. पण तातडीच्या खरेदीत तेच घेता येतं जे कुणाच्या तरी दुकानात तयार आहे. लढाऊ विमान, पाणबुडी, तोफा अशा वस्तू सहा महिन्यांत मिळत नाहीत, कितीही पैसे दिले तरी. वर, घाईत असलेल्या ग्राहकाला भाव करता येत नाही, हे तर मंडईतही कळतं.

मग शिल्लक पैसे पुढच्या वर्षी का वापरू देत नाहीत?

ही मागणी जुनी आहे. फेब्रुवारी २००४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री जसवंत सिंह यांनी २५,००० कोटींचा असा निधी जाहीर केला होता, जो ३१ मार्चला संपणार नाही. काही महिन्यांत सरकार बदललं आणि निधी कागदावरच राहिला.

पुढे पंधराव्या वित्त आयोगाने हा विषय पुन्हा काढला. फेब्रुवारी २०२१ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी २,३८,३५४ कोटींचा खास निधी सुचवला. त्यातले १,५३,३५४ कोटी एकत्रित निधीतून आणि बाकीचे संरक्षण कंपन्यांतली निर्गुंतवणूक, लष्कराच्या जादा जमिनी अशा मार्गांनी. सरकारने तत्त्वतः मान्यता दिली. निधी मात्र पाच वर्षांच्या मुदतीत उभा राहिला नाही.

अर्थ मंत्रालयाचा विरोध निव्वळ हट्ट म्हणून सोडून देण्यासारखा नाही. सरकार कर्ज काढून खर्च करतं. हजारो कोटी वापराविना बाजूला ठेवायचे तर त्यावरचं व्याज कुणी भरायचं? शिवाय, संसदेने दरवर्षी खर्च तपासावा हा लोकशाहीतला साधा नियम आहे आणि जास्त पैसे लागले तर पुरवणी मागण्यांची सोय आहेच. निर्भया निधीचं उदाहरणही इथे आठवतं. २०१३ मध्ये उभा राहिलेला हा निधी मार्चला संपत नाही. तरीही त्यातला मोठा भाग अनेक वर्षं पडून होता, कारण योजनाच तयार नव्हत्या.

म्हणजे निधी न संपणारा केला की काम झालं, असं नाही. पण अर्थ मंत्रालयाचा युक्तिवादही अर्धाच पटतो. पाच-सात वर्षं चालणाऱ्या कामाला दरवर्षी नव्याने पैसे मागायला लावायचे आणि मग ते काम वेळेत का होत नाही असं विचारायचं, यात काहीतरी चुकतंय. पुढच्या पाच वर्षांत किमान किती मिळतील एवढं जरी खात्रीने कळलं, तरी करार मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोंबावे लागणार नाहीत.

इतर देशांत काय होतं?

फ्रान्सच्या संसदेने २०२४ ते २०३० साठी ४१३ अब्ज युरोंचा लष्करी खर्चाचा आराखडा कायदा करूनच मंजूर केलाय. मंजुरी दरवर्षी लागते, पण दिशा ठरलेली आहे. चीनने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं संरक्षण तरतूद ७.२ टक्क्यांनीच वाढवली. आकडा खरा किती यावर वाद आहेत, पण तिथल्या जहाजबांधणी कारखान्याला पुढच्या वर्षी काम असणार की नाही ही चिंता नसावी.

सर्वांत जास्त खर्च करणाऱ्या अमेरिकेची गत मात्र वेगळी आहे. तिथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि काँग्रेस बहुतेक वेळा बजेट वेळेत मंजूर करत नाही. मग गेल्या वर्षीच्याच दराने तात्पुरता खर्च चालतो. या काळात नवा प्रकल्प सुरू करता येत नाही आणि उत्पादन वाढवताही येत नाही. २०२५ मध्ये तर १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकारच ठप्प झालं. सैनिकांचे पगार देण्यासाठी संशोधनाच्या तरतुदीतून पैसे वळवावे लागले. जगातलं सर्वांत मोठं संरक्षण बजेट असलेल्या देशात ही वेळ आली.

१ फेब्रुवारीला काय बघायचं?

येत्या अर्थसंकल्पात संरक्षण तरतुदीचा एकूण आकडा मोठाच असेल आणि बातम्याही त्याच्याच होतील. त्याऐवजी दोन ठिकाणी नजर टाका. पहिलं, चालू वर्षाच्या भांडवली तरतुदीसमोरचा सुधारित अंदाज. तो किती खाली किंवा वर गेला यावरून यंदा प्रत्यक्षात किती खरेदी झाली ते कळेल. दुसरं, नव्या वर्षाची भांडवली तरतूद गेल्या वर्षीच्या करारांचे हप्ते भागवून नव्या खरेदीला काही उरवते का.

कारण हप्ते आता वाढत जाणार आहेत. 'प्रचंड'चे करार झाले, त्यानंतर २५ सप्टेंबर २०२५ रोजी आणखी ९७ तेजस मार्क १ए विमानांचा ६२,३७० कोटींचा करार झाला. ही विमानं २०२७-२८ पासून पुढची सहा वर्षं टप्प्याटप्प्याने मिळायची आहेत. म्हणजे शेवटचं विमान येईपर्यंत किमान सहा-सात अर्थसंकल्प मांडले जातील आणि मधे एक लोकसभा निवडणूकही होईल. पंधराव्या वित्त आयोगाचा कालावधी मात्र ३१ मार्च २०२६ पर्यंतचाच.